हिरवी वैरण, तिचा जोम आणि तिचे विष

चेन्नईच्या भोवतालच्या चेंगलपट्टू, कांचीपुरम आणि तिरुवळ्ळूर या जिल्ह्यांत सांबा हंगामाचे भात पोंगलच्या सणाच्या मागेपुढे कापले जाते. ईशान्य मोसमी पावसाने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत भरलेली तळी त्यानंतर हळूहळू उतरू लागतात, बांधावरचे गवत पिवळे पडते आणि गोठ्यातील गाईच्या वाट्याला भाताचा पेंढा येतो. हा पेंढा पोट भरतो, पण पोसत नाही. त्यात प्रथिने शेकडा तीन-चारच्या आसपास असतात, वाळूचा जो मूळ घटक तो सिलिका मात्र भरपूर असतो. महाराष्ट्रातील देशावरच्या शेतकऱ्याला या बाबतीत कोकणच्या शेतकऱ्यापेक्षा नशीबवान म्हणावयास हवे. कारण त्याच्या गव्हाणीत ज्वारीचा कडबा असतो, आणि कडबा कितीही वाळला तरी पेंढ्याहून सरस ठरतो. चेन्नईच्या परिसरातील गाईची अवस्था कोकणातील गाईसारखीच आहे. फरक इतकाच, की तिच्या दुधाची वाट पाहणारे एक महानगर तिच्या उंबऱ्याशी बसलेले आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी ज्या पिकांची शिफारस होते त्यांत ज्वारी आणि सुदान गवत यांच्या संकराला मोठे स्थान आहे. ही शिफारस योग्य आहे. परंतु ती ज्या रीतीने केली जाते ती रीत अपुरी आहे, आणि अपुरेपणाची किंमत सरकारी शेतावरील गाईला नव्हे, तर एकाच गाईवर संसार चालविणाऱ्या कुटुंबाला द्यावी लागते.

सुदान गवताची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात जॉन्सन गवत नावाचे ज्वारीच्या गोतातील एक गवत माजले होते. आपल्याकडे त्याला बरू म्हणतात. त्याची मुळकांडी जमिनीत खोल पसरत असल्यामुळे ते एकदा शेतात शिरले, की निघत नसे. चार्ल्स पायपर हा तेथील कृषी खात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञ. या गवताचा मुळकांड्या नसलेला, वर्षभरात आयुष्य संपविणारा एखादा भाऊबंद आफ्रिकेत असला पाहिजे, असा त्याचा तर्क होता. त्याने सुदानमधील खार्टूम येथून बी मागविले. १९०९ मध्ये हाती आलेले ते अवघे अर्धा पौंड बियाणे टेक्सास राज्यातील चिलिकोथी येथे पेरण्यात आले. तर्क खरा ठरला, आणि त्या मूठभर दाण्यांतून पुढे लक्षावधी एकरांचे पीक उभे राहिले. जॉन्सन गवताच्या पेशीत चाळीस गुणसूत्रे असतात. सुदान गवताच्या पेशीत ज्वारीप्रमाणेच वीस असतात. त्यामुळे ज्वारी आणि सुदान गवत यांची सोयरीक सहज जुळते व त्यांची संतती वांझ निघत नाही.

सोयरीक सहज जुळत असली तरी ती मोठ्या प्रमाणावर लावून देणे मात्र सोपे नव्हते. ज्वारीच्या प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र नांदतात, तेव्हा लक्षावधी फुलांतील पुंकेसर हाताने कोण काढणार? १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड या दोन शास्त्रज्ञांनी ज्वारीतील पुंवंध्यत्वाचा, म्हणजे ज्या ताटांत परागच निपजत नाहीत अशा वाणांचा, शोध प्रसिद्ध केला आणि हा अडसर दूर झाला. पुंवंध्य ज्वारीच्या ओळींशेजारी सुदान गवताच्या ओळी लावाव्या, वाऱ्याने पराग वाहून न्यावे, आणि ज्वारीच्या कणसात संकराचे बी भरावे, इतके ते काम सुटसुटीत झाले. भारतात धान्याच्या ज्वारीचा पहिला संकरित वाण, सी. एस. एच. १, याच तत्त्वावर १९६४ मध्ये आला.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. संकर या शब्दाला मराठीत जुना कलंक आहे. वर्णसंकराची भीती घालणाऱ्या ग्रंथांनी तो लावलेला आहे. शेतकऱ्याने तो शब्द बाजूला सारून 'हायब्रीड' हा परका शब्द घरात घेतला. पण त्याची भाकर चवीला उतरली नाही, म्हणून त्या शब्दालाही बेचव व बेगडी असा अर्थ चिकटला. गुराच्या जिभेला असले पूर्वग्रह नसतात. तिला ताटातील गोडवा कळतो, आणि या संकरात तो पुरेसा असतो. हरियाणातील हिसार येथे तयार झालेल्या अशाच एका वाणाला 'मीठी सुदान' हे नाव पडले, ते उगीच नव्हे.

संकराचा लाभ कोणता, तर ज्वारीचे जाड, रसाळ ताट आणि रुंद पान त्याला मिळते, आणि सुदान गवताकडून भराभर फुटवे फोडण्याची व कापल्यावर पुन्हा वाढण्याची शक्ती मिळते. साधी चाऱ्याची ज्वारी एकदा कापली की तिचा खोडवा दुबळा निघतो. हा संकर मात्र पुनःपुन्हा कापता येतो. तमिळनाडू कृषी विद्यापीठाने कोइमतूर येथे टी. एन. एस. ३० ही ज्वारी आणि सुदान गवत यांच्या संकरातून 'को एफ. एस. २९' हा वाण निवडून काढला व तो २००१ मध्ये प्रसारित केला. (या विद्यापीठाचे मूळ चेन्नईतच आहे. १८६८ मध्ये सैदापेट येथे सुरू झालेली कृषी शाळा १९०६ मध्ये कोइमतूरला हलविण्यात आली.) या वाणाची पहिली कापणी पेरणीनंतर सुमारे ६५ दिवसांनी आणि पुढील कापण्या दर ५० दिवसांनी करावयाच्या असतात. वर्षाकाठी हेक्टरी १७० टन हिरवी वैरण मिळते, असे विद्यापीठ सांगते.

हा १७० टनांचा आकडा सर्वत्र छापला जातो आणि शेतकऱ्याच्या नजरेत भरतो. तथापि त्याकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. हिरव्या वैरणीत चार हिस्से पाणी आणि एकच हिस्सा कोरडा पदार्थ, असे स्थूलमानाने धरले तर १७० टनांतून सुमारे ३४ टन कोरडी वैरण हाती येते. गाय पोसली जाते ती या ३४ टनांवर. शिवाय हे उत्पन्न वर्षभर जमीन अडवून आणि वर्षभर पाणी देऊन मिळावयाचे आहे. जमीन आणि पाणी दोन्ही बारमाही देण्याची ज्याची ऐपत आहे, त्याने याच विद्यापीठाचे बाजरी-नेपियर गवत लावणे अधिक शहाणपणाचे होईल. त्याचे हिरवे उत्पन्न वर्षाला हेक्टरी चारशे टनांच्या घरात जाते. म्हणजे टनांच्या शर्यतीत ज्वारी-सुदान संकर आधीच हरलेला आहे. त्याची खरी जागा दुसरीच आहे, आणि ती पत्रकांतून क्वचितच सांगितली जाते.

ती जागा म्हणजे भाताच्या दोन पिकांमधील मोकळा काळ. नेपियर गवत कांड्या लावून वाढवितात व ते वर्षानुवर्षे शेत सोडीत नाही. भात पिकविणारा शेतकरी आपले शेत त्याच्या स्वाधीन कसे करील? ज्वारी-सुदान संकर बियाने पेरला जातो. जानेवारीअखेर भात निघाल्यावर तो पेरला, तर एप्रिलच्या आरंभी पहिली आणि मे महिन्याच्या अखेरीस दुसरी कापणी मिळते, आणि पुढील भाताच्या मशागतीला शेत मोकळे होते. दोनच कापण्या, पण त्या नेमक्या अशा दिवसांत, की ज्या दिवसांत परिसरात दुसरे हिरवे पान दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या कापणीच्या मोहात न पडता एवढ्यावरच समाधान मानणे, हे या पिकाचे चेन्नईच्या आसपासचे खरे अर्थशास्त्र होय. भारतात लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे चार टक्केच जमीन वैरणीला मिळते. हे प्रमाण वाढवा, अशी आर्जवे कित्येक वर्षे होत आली आणि ती व्यर्थ गेली, कारण धान्याची जमीन वैरणीला द्या असे सांगणे कोणालाही पटत नाही. जमीन मागू नये, काळ मागावा. तो मिळण्याचा संभव अधिक आहे.

पाण्याचा प्रश्न मात्र उरतोच, आणि तो बिकट आहे. जून २०१९ मध्ये चेन्नईला पाणी देणारे पूंडी, चोळवरम, पुळल (रेड हिल्स) आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले, तेव्हा शहर टँकरच्या पाण्यावर जगले. ते टँकर याच जिल्ह्यांतील विहिरी व कूपनलिका यांवर भरून येत होते. शहराची तहान वाढली की विहिरीचे पाणी पिकाला देण्यापेक्षा टँकरवाल्याला विकणे फायद्याचे ठरते. मग वैरण वाळते, गाय आटते, आणि त्याच शहराला दूध आणखी दुरून आणावे लागते. हा व्यवहार शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. तो हिशेबी माणूस आहे, आणि हिशेब त्याला तेच सांगतो. कमी पाण्यावर तग धरणारे पीक त्याच्या हाती देणे एवढेच शास्त्राच्या हाती आहे, आणि ज्वारीच्या गोतातील पिके त्यासाठीच प्रसिद्ध आहेत. पाणी तुटले तर मका करपून मरतो. ज्वारी मात्र पाने वळवून घेते, वाढ थांबविते, वाट पाहते आणि एका पावसाने पुन्हा जागी होते.

नेमके या जागे होण्यातच मरण दडलेले आहे.

महाराष्ट्रातील जुन्या शेतकऱ्याला ही गोष्ट नवी नाही. कोवळी किंवा पावसाच्या ओढीने खुरटलेली ज्वारी खाऊन जनावर एकाएकी कोसळले, तर त्याला किराळ लागली असे तो म्हणतो. तिचे कारण १९०२ मध्ये डन्स्टन आणि हेन्री या रसायनज्ञांनी उलगडले. कोवळ्या ज्वारीत त्यांना एक ग्लुकोसाइड सापडले. ज्वारीच्या 'दुर्रा' या अरबी नावावरून त्यांनी त्याला धुरिन असे नाव दिले. धुरिन स्वतः निरुपद्रवी असते. पानाच्या वरच्या पेशींत ते साठविलेले असते आणि त्याचे विघटन करणारे विकर आतल्या पेशींत असते. पान अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. गाय पान चावते, पेशी चिरडतात आणि दोन्ही पदार्थ एकत्र येताच हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटातील सूक्ष्मजीवही या कामी हातभार लावतात. हे आम्ल रक्तात शिरले की शरीरातील पेशींना प्राणवायू वापरता येईनासा होतो. रक्तात प्राणवायू असतो, किंबहुना म्हणूनच ते लालभडक दिसते, पण पेशी त्या प्राणवायूपुढे उपाशी मरतात. श्वास जोराने चालतो, अंग थरथरते, जनावर पडते. मात्रा मोठी असेल तर अर्ध्या-पाऊण तासातच सारे आटोपते.

मात्रेचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे दोन मिलिग्रॅम हायड्रोसायनिक आम्ल घातक ठरते. चारशे किलो वजनाच्या गाईला आठशे मिलिग्रॅम पुरे. ताज्या वैरणीच्या दशलक्ष भागांत हे आम्ल दोनशे भागांहून अधिक असेल तर ती धोक्याची मानतात. दोनशे भाग म्हणजे दर किलोत दोनशे मिलिग्रॅम, आणि आठशे मिलिग्रॅमला अशी वैरण अवघी चार किलो लागते. भुकेली गाय चार किलो कोवळा चारा पाहता पाहता फस्त करते. तेवढाच चारा तिने दिवसभरात थोडा थोडा खाल्ला, तर यकृत या विषाचे गंधकाच्या साहाय्याने सौम्य पदार्थात रूपांतर करीत राहते आणि गाय तरून जाते. म्हणून भुकेल्या जनावरापुढे ही वैरण टाकू नये, आधी पेंढा घालावा, हा नियम निघतो. त्यात अंधश्रद्धेचा भाग नाही.

धुरिन सर्वांत अधिक असते ते कोवळ्या फुटव्यात. पीक वाढते तसे त्याचे प्रमाण घटते. या संकराचे पीक गुडघ्याच्या वर, निदान साठ सेंटिमीटर वाढल्याखेरीज त्यात जनावर सोडू नये, आणि कापून घालावयाचे तर पीक निसवून फुलोऱ्यावर येईपर्यंत थांबणे उत्तम. पण पाण्याचा ताण पडला की हा क्रम बिघडतो. खुंटलेल्या पिकात विषाचे प्रमाण चढते राहते, आणि ताणानंतरच्या पहिल्या पावसाने बुडापासून जे हिरवेगार फुटवे उसळतात ते सर्वांत घातक. चेन्नईच्या परिसरात हे संकट ठरल्या वेळी येते. एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात, कापलेल्या पिकाचे खोडवे सुकून बसतात, आणि मेअखेर किंवा जूनमध्ये वळवाची एखादी सर पडली की आठवड्याभरात शेत पुन्हा हिरवे दिसू लागते. दोन महिने पेंढा चघळलेल्या गाईला आणि तिच्या धन्याला त्याहून आकर्षक दृश्य दुसरे नसेल. पिकाचा जो गुण शिफारशीत पहिल्या ओळीत छापतात, त्याच गुणाची ही दुसरी बाजू आहे, आणि ती मात्र शेवटच्या पानावर लहान अक्षरांत छापली जाते.

२०११ मध्ये तमिळनाडू शासनाने ग्रामीण भागातील गरीब स्त्रियांना दुभती गाय मोफत देण्याची योजना सुरू केली. गाय मिळाली, पण जमीन नसलेल्या बाईने तिला घालावयाचे काय? ती बांधावरचे गवत कापते, किंवा कोणी दया केली तर दुसऱ्याच्या शेतातील कापून झालेल्या पिकाचे खोडवे चारून आणते. बी तिने पेरलेले नसते, बियाण्याची पिशवी तिने पाहिलेली नसते, आणि साठ सेंटिमीटरांचा नियम पिशवीवर छापलेला असला तरी तो तिच्यापर्यंत पोचण्याचा काहीच मार्ग नसतो. शहरातील गोष्टही निराळी नाही. तिरुवल्लिकेणीसारख्या दाट वस्तीत आजही गाई पाळल्या जातात, रस्त्यावर सोडल्या जातात, आणि महापालिका त्यांना पकडून दंड घेते. त्यांच्या मालकांना हिरव्या वैरणीची पेंढी विकत मिळाली तर ते ती आनंदाने घेतील. परंतु पेंढी किती दिवसांच्या पिकाची, हे त्यांना ती पाहून कळणार नाही.

म्हणून या पिकाचा प्रसार करणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. चेन्नईजवळ आवडीलगत आलमादी येथे केंद्र शासनाचे वैरण केंद्र आहे. माधवरम येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. वेपेरी येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १९०३ पासूनचे आहे. ज्ञानाची वाण येथे नाही. वाण आहे ती ते ज्ञान गोठ्यापर्यंत नेणाऱ्या चार ओळींची. बी देताना बी घेणाऱ्यालाच नव्हे, तर साऱ्या गावाला सांगितले पाहिजे, की अमुक शेतात हे पीक आहे, दुसऱ्या कापणीनंतर ते नांगरून टाकले जाईल, आणि तोवर वळवाच्या पावसानंतर त्यात गुरे शिरू द्यावयाची नाहीत. खोडवे नांगरून टाकणे हा नियम मानला तर वर सांगितलेल्या दोन कापण्यांच्या पद्धतीत धोका पुष्कळसा आपोआप टळतो. तिच्या बाजूने बोलणारे हे दुसरे कारण होय.

धोका टाळण्याचे इतरही उपाय आहेत. वैरण कापून उन्हात नीट वाळविली की विषाचा बराच भाग उडून जातो. कुट्टी करून मुरघास केला आणि तीन-चार आठवडे मुरू दिला तरीही ते उतरते. युरियाचा अतिरेक किंवा सांडपाण्याचा मुबलक वापर झाला असेल, तर मात्र ताटाच्या बुडख्यात नायट्रेट साठते. ते वाळविल्याने जात नाही, मुरघासात काही अंशी घटते. घोड्याला ही वैरण मुळीच घालू नये. त्याला तिच्यामुळे मूत्राशयाचा निराळाच विकार जडतो.

बियाण्यासंबंधीही स्पष्ट बोलले पाहिजे. बाजारात मिळणाऱ्या खऱ्या संकराचे बी दर वर्षी नवे घ्यावे लागते, कारण त्याच्या पुढच्या पिढीत गुण विखुरतात. 'को एफ. एस. २९' हा स्थिर केलेला वाण असल्याने त्याचे बी घरी धरता येते. त्याचे दाणे मात्र पिकताच झडतात, आणि ही खोड कमी करण्यासाठी त्याच वाणात उत्परिवर्तन घडवून 'को ३१' काढण्यात आला. अल्पभूधारकाला असे स्थिर वाण हितकर आहेत, आणि सार्वजनिक संस्थांनी आपली शक्ती त्यांवरच खर्च करावी.

विषच नसलेली ज्वारी का काढीत नाहीत, असा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात येईल. तशी ज्वारी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया व डेन्मार्क येथील संशोधकांनी उत्परिवर्तनाने निर्माण केल्याचे प्रसिद्ध झाले आहे. परंतु धुरिन हे झाडाचे किडीविरुद्धचे शस्त्र आहे आणि नायट्रोजनाची शिल्लक ठेवण्याची पेटीही आहे. शस्त्र आणि पेटी दोन्ही काढून घेतलेले झाड येथील उन्हात व किडीत कसे वाढते, हे येथेच पेरून पाहावे लागेल. तोवर आजच्या गाईला आजच्याच वैरणीवर जगावयाचे आहे.

आणि त्यासाठी एक साधे साधन फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. सोडियम पिक्रेटच्या द्रावणात भिजविलेली गाळणकागदाची पट्टी पिवळी असते. वैरणीचे बारीक तुकडे परीक्षानळीत घालून, त्यांवर क्लोरोफॉर्मचे काही थेंब टाकून ही पट्टी बुचाला अडकवून नळीत टांगली आणि नळी उबदार जागी ठेवली, तर विष असल्यास पट्टी विटकरी तांबडी होते. रंग जितका लवकर आणि जितका गडद येतो, तितके विष अधिक. पिक्रिक आम्ल कोरडे झाले की स्फोटक असते, तेव्हा हे द्रावण घरात किंवा शाळेच्या कपाटात ठेवण्याजोगे नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात मात्र ते जाणत्या हातांखाली राहू शकते. पोंगलपासून जूनपर्यंत प्रत्येक दवाखान्यात अशा नळ्यांचा एक संच मांडून ठेवावा, आणि कोणीही बाई आपल्या पेंढीतील चार पाने घेऊन आली तर संध्याकाळी तिला पट्टीचा रंग दाखवावा.